भिंतीवरची दुसरी ओळ

ठळक कम्युनिकेशन्स, मनीषनगर, नागपूर
९ जानेवारी २०२३

श्री. जितेंद्र कारेमोरे,
कारेमोरे पब्लिसिटी, जरीपटका

नमस्कार.

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहून कुरियरने पाठवते आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर तुम्ही वाचूनही न वाचल्यासारखं केलं असतं, आणि मला हे लेखी हवं आहे.

काल कळमेश्वरला गेले होते. बसस्टँडसमोरच्या भिंतीवर तुमच्या पेंटरने निळ्या रंगात लिहिलेलं वाचलं : "आधी रक्त जुळवा, मग पत्रिका." ही ओळ माझी आहे. शोभाताईंच्या संस्थेने लग्नाआधीच्या सिकलसेल तपासणीच्या जाहिरातीचं काम कोणाला द्यायचं, हे अजून ठरवलेलंही नाही. मागच्या आठवड्यात मी ही ओळ त्यांच्यापुढे मांडली, तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. दाराला फट होती. काम मिळायच्या आधीच तुम्ही भिंत रंगवलीत आणि शोभाताईंना फोटोही पाठवलात. म्हणजे ओळ तुमची आणि धडाडीही तुमचीच.

त्याखाली तुम्ही आपल्या पदरची एक ओळ जोडली आहे : "दुखणारं लेकरू घरात जन्मणार नाही." लेकरू आजारी असतं, कारेमोरे. दुखतो तो दात.

गेल्या वर्षी साड्यांच्या दुकानाचं काम तुम्ही असंच माझ्या हातून काढलंत. तेव्हा गप्प बसले. या वेळी बसणार नाही. भिंत पुसा, नाहीतर मी संस्थेकडे तक्रार करीन.

उन्नती साठवणे

*

जरीपटका, १३ जानेवारी २०२३

उन्नती मॅडम, नमस्कार.

तुमचं पत्र आमच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. इथे टपाल मी फोडत नाही, फोडणारं माणूस वेगळं आहे. त्या माणसाले तुमची भाषा फार आवडली. "धडाडीही तुमचीच" हे दोनदा वाचलं, त्याच्या पुढचं मी वाचू दिलं नाही, कागद हातातून घेतला.

दाराला फट नव्हती. दार सताड उघडं होतं आणि तुमचा आवाज जिन्यापर्यंत येऊन राहिला होता. माझे बाबा शिडीवर चढून भिंती रंगवायचे तेव्हापासून या धंद्यात ज्याचा ब्रश आधी पोचला, ओळ त्याची. तरी पहिली ओळ तुमची आहे हे मी शोभाताईंना फोटोसोबतच लिहिलं होतं. विचारून घ्या. साड्यांच्या दुकानाबद्दल मात्र काही म्हणणार नाही, तुमचं डिझाइन खरंच फिकं होतं.

दुसरी ओळ माझी आहे आणि ती राहील. "आजारी" म्हटलं की लोक सर्दी-खोकला समजतात. दुखणं म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं त्यालेच समजते. दाताचं तुम्ही लिहिलं म्हणून सांगतो, दात काढून टाकता येतो.

तुमचा,
जितेंद्र कारेमोरे

*

मनीषनगर, ७ फेब्रुवारी २०२३

कारेमोरे,

शोभाताईंनी रेडिओ आणि फिल्म मला, भिंती आणि बोर्ड तुम्हाला असं काम वाटून दिलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं की हे जमायचं नाही. त्या म्हणाल्या, "अगं, दोघं भांडता म्हणूनच दोघांना घेतलं, काम चांगलं होईल." काल मीटिंगमध्ये त्यांनाही कळलं असेल.

डॉक्टर, सरपंच, आशा सेविका सगळे बसलेले. भिंतींची गावं तुम्ही सांगायची होती. तुमचा फोन वाजला, तुम्ही एक शब्द न बोलता उठलात आणि गेलात. मी तुमच्या दुकानाच्या नंबरवर फोन लावला, तर एका मुलीने उचलला. धापा टाकत होती, मध्येच हसत होती. म्हणाली, "मी रितिका. दादा... तो आज नाही येणार, त्याला माझ्याजवळ थांबायचं आहे," आणि पुन्हा तसाच श्वास. तिच्या आवाजावरून तुम्ही कुठल्या कामात आहात हे विचारायची मला गरज वाटली नाही. तुमच्याकडे ग्राहकही तुम्हाला दादाच म्हणतात, हे मला माहीत आहे.

कामाच्या दिवशी तरी काम करा.

उन्नती साठवणे

*

जरीपटका, ९ फेब्रुवारी २०२३

मॅडम,

रितिका माझी लहान बहीण आहे. चोवीस वर्षांची. तिला सिकलसेल आहे. आमच्या दुकानाचा फोन तीच घेते, टपाल तीच फोडते, फक्त तुमचं आता मी फोडतो. तुमचं पहिलं पत्र वाचून हसणारी तीच.

त्या दिवशी थंडीनं दुखणं उठलं, खुब्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. दुकानाचा नंबर तिच्याच मोबाइलवर येते, म्हणून तुमचा फोन तिनं वॉर्डातून घेतला. ती हसत नव्हती. दुखणं आलं की ती फोनवर तसंच बोलते, दातावर दात ठेवून, समोरच्याले समजू नये म्हणून.

मी शोभाताईंकडे काम मागितलं तेव्हा हे सांगितलं नाही. बहिणीच्या दुखण्यावर काम मिळवलं असं कोणी म्हणू नये. तुम्हीही सांगू नका.

मीटिंगमधून न सांगता उठलो, ती चूक माझी. गावांची नावं सोबत लिहून दिली आहेत.

जितेंद्र

*

मनीषनगर, २१ फेब्रुवारी २०२३

जितेंद्र,

मी काल वॉर्डात तिला भेटून आले, हे तुम्हाला कळलं असेलच. माझ्या त्या पत्राबद्दल मी तिची माफी मागायला गेले होते. मी दारात उभी राहिले तर तिने विचारलं, "तुम्हीच का त्या धडाडीवाल्या?" मग मला बसवून घेतलं आणि माझी रेडिओची जाहिरात ऐकवायला लावली. म्हणाली, त्यातला डॉक्टर खोटा वाटते, खरे डॉक्टर एवढं थांबून बोलत नाहीत. मी तो भाग पुन्हा रेकॉर्ड करते आहे.

मग तिला दुखायला लागलं. तिने चादरीची कड तोंडात धरली आणि माझ्याकडे बघून हाताने खूण केली, बसा, बसा. मी पाणी आणायला म्हणून उठले ती खाली गेटपाशी जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने वर गेले. तुमच्या आई तिचे पाय दाबत होत्या. 

रेडिओवर मी दुसरी ओळ घेत नाही. तुमच्या ओळीत मला आता चूक काढायची नाही, पण रेडिओ वॉर्डातही वाजतो. भिंतींचं तुम्ही ठरवा. तिने ती भिंत पाहिली आहे का?

उन्नती

*

जरीपटका, १८ जून २०२३

उन्नती,

चार महिने आपण एका गाडीतून कळमेश्वरची गावं फिरलो. रोज भेटतो, तरी हे तोंडानं बोलता येत नाही, म्हणून तुमचाच रस्ता धरला. कागद, कुरियर.

मोहप्याच्या शाळेच्या भिंतीवर माझ्या पेंटरनं "जुळवा" मधल्या उकाराचा काय घोळ घातला होता आठवते? तुम्ही उन्हात स्वतः शिडीवर चढल्या आणि ब्रश घेऊन दुरुस्त केलं. खाली पोट्टे जमा झाले. मी शिडी धरून उभा होतो. तेव्हाच मले वाटलं की ही बाई माझ्यासोबत आयुष्यभर भांडली तर बरं होईल. त्यानंतर कितीदा बोलायचं ठरवलं आणि दर वेळी बोर्डाच्या साइजबद्दल बोलून घरी आलो.

पण एक गोष्ट आधी. रितिकाला आजार आहे म्हणजे माझे आई-बाबा दोघंही वाहक होते, हे तुम्हाला सांगायला नको. मीही वाहक आहे. वाहकाचं पिवळं कार्ड कॉलेजात असतानाच हातात आलं, रितिकाचं लाल आहे. मले स्वतःले काही त्रास नाही, होणारही नाही. पण तुम्ही तपासणी केली काय? शोभाताईंच्या कॅम्पमध्ये एवढ्या लोकांचं बोट टोचलं, आपण माइकवरून हाका मारून मारून लोकांना रांगेत उभं केलं, आणि तुम्ही एकदाही रांगेत उभ्या राहिल्या नाही. मी पाहत होतो.

मले हो-नाही आज नको. आधी रिपोर्ट.

जितेंद्र

*

मनीषनगर, ११ जुलै २०२३

जितेंद्र,

मी हसत हसत तपासणीला गेले होते. आमच्याकडे कोणालाच नाही, म्हणून मी कधी रांगेत उभी राहिले नाही, एवढंच कारण होतं.

पिवळं.

आईने रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाली, "आपल्या घरात तर कोणाला नाही." मग तिला तिचा एक काका आठवला, लहानपणी सांधे सुजून गेलेला. तेव्हा त्याला वात म्हणाले होते.

धापेवाड्याची ती मुलगी आठवते, भागीरथा? तिचं जमलेलं लग्न होतं, दोघंही वाहक निघाले. मी तिला अंगणात बसवून समजावलं होतं. दोघं वाहक असले तर दर खेपेला चारात एक वेळ मूल पूर्ण आजार घेऊन येतं, तू शिकलेली आहेस, दुसरं स्थळ बघ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमचं लग्न झालं?" मी नाही म्हटलं. ती हसली. तेव्हा मला वाटलं, गावची मुलगी, लाजली.

तिच्याशी किती भरभर बोलले मी.

माझं उत्तर हो होतं, हे लपवत नाही. पण आता आपण थांबू. गावांत जायचं तेव्हा तुमच्याकडून दुसऱ्या कोणाला पाठवत जा.

उन्नती

*

जरीपटका, ६ ऑगस्ट २०२३

उन्नतीताई,

मी रितिका. मी लिहून राहिली हे दादाले माहीत नाही. दुकानातलं टपाल मीच पाठवते, त्यामुळं त्याले माहीत व्हायचं काही कारण नाही.

दादा जेवत नाही असं लिहिणार नाही, तो जेवते. बहुत जेवते. पण कामात लक्ष नाही. परवा एका सिंधी काकाच्या दुकानाचा बोर्ड केला, "साडी सेंटर" मधला काना विसरला. काका बाजारातून ओरडत आले, "सडी सेंटर बना दिया मेरा!" मी हसली. दादा नाही हसला.

त्यानं मले सांगितलं लग्न काहून होत नाही ते. तुमचं दोघांचं रक्त. सांगताना फार जपून बोलून राहिला होता, पण त्याचा अर्थ एकच होता. माझ्यासारखी पोट्टी होईल, म्हणून.

गेल्या आठवड्यात मी आईसोबत कळमेश्वरले मावशीकडे गेली होती. बसस्टँडसमोरची भिंत पाहिली. दादा मले कधीच त्या बाजूनं नेत नाही, आता समजलं काहून. पहिली ओळ चांगली आहे. दुसरी तीन वेळा वाचली. आई बाजूलेच उभी होती. तिलेही वाचता येते. ती म्हणाली, "चाल वं, पाणी येऊन राहिलं." आभाळ तर साफ होतं.

दुसरी ओळ कोणी लिहिली? दादा म्हणते संस्थेनं दिली. शोभाताईले फोन केला तर म्हणाल्या एजन्सीनं. तुम्ही खरं सांगा. मी रागावणार नाही. म्हणजे रागवीन, पण सांगा.

आणि एक. मी रोज दुखत नाही, ताई. हे कोणी भिंतीवर लिहीत नाही. कधी आठ दिवस बिछान्यावर असते, कधी दोन-दोन महिने काहीच नाही. तेव्हा मी सिनेमाले जाते, पाणीपुरी खाते, उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकांवर ओरडते. तुम्ही मले वॉर्डात पाहिलं आणि तेवढीच पाहिली. एकदा घरी या.

रितिका

*

मनीषनगर, १० ऑगस्ट २०२३

प्रिय रितिका,

ओळ माझी आहे. दोन्ही ओळी माझ्याच. तुझ्या दादाने फक्त भिंत रंगवली. मी ती लिहिली तेव्हा तुला ओळखत नव्हते. हे कारण पुरेसं नाही, हे मला कळतं.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी तुला वॉर्डातच पाहिलं. त्या दिवशी मी पाणी आणायला गेले आणि बराच वेळ आलेच नाही, ते तुझ्या लक्षात आलं असणार. मला तुझ्याकडे बघवलं नाही. मला तुझी भीती वाटत नाही, रितिका. मला तुझ्या आईच्या जागी बसायची भीती वाटते. त्या सगळं बघत बसतात आणि पाय दाबतात. मला ते जमेल असं वाटत नाही, आणि हे मी जितेंद्रला सांगू शकलेले नाही.

रविवारी येते. पाणीपुरी तू सांगशील तिथली.

उन्नती

*

मुंबई, १२ नोव्हेंबर २०२४

जितेंद्र,

मेलवर लिहिते आहे, कारण तुझा फोनही हल्ली रितिकाच उचलते.

काल बाळाची तपासणी झाली. पोटातून सुई घालून नाळेजवळचा थोडासा अंश काढला. दुखलं नाही फार. बाहेर माझ्यासारख्या आणखी काही जणी होत्या. एक गोंदियाकडची होती, तिची ही तिसरी वेळ. तिने आधीच्या दोन वेळांचं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रिपोर्टला आठवडा लागेल. आई सोबत आहे, मामांकडे उतरलो आहोत.

लग्न करताना आपण मूल नको असं ठरवलं होतं. तू ते पाळलं असतंस. मीच म्हटलं की चारात तीन वेळा सगळं चांगलंच होतं. जाहिरातवाल्या बाईने तोच आकडा उलटा करून नवऱ्याला विकला. आणि तू घेतलास. एरवी माझी एकही ओळ तू भांडल्याशिवाय घेत नाहीस. दिवाळीपूर्वी त्या कोचिंग क्लासच्या कामासाठी आपण दोघं समोरासमोर होतो, तू जिंकलास, आणि रात्री जेवताना तुझ्या आई म्हणाल्या, "एकाच ताटात जेवता तर एकाच दुकानात काहून बसत नाही?" आपण दोघं एकदमच नाही म्हणालो. तशा दिवसांत मला वाटलं, आपल्याला जमेल.

आता मला एक सांग, आणि फोनवर नको. रिपोर्ट वाईट आला तर काय? तू एकदाही बोलला नाहीस. "तुझं शरीर, तू ठरव," एवढंच म्हणतोस. ते बरोबर आहे, पण ते उत्तर नाही.

रितिका कशी आहे? थंडी पडली का?

उन्नती

*

नागपूर, १४ नोव्हेंबर २०२४

उन्नती,

थंडी पडली. परवापासून रितिका वॉर्डात आहे. तू घाबरशील म्हणून कळवलं नव्हतं. काल रक्त चढवलं, आज ताप उतरला. मी तिच्या उशाशी बसून मोबाइलवर हे लिहून राहिलो.

तिनं विचारलं, वहिनी मुंबईले काहून गेल्या. मी म्हटलं, मामा आजारी आहेत.  मग म्हणते, "दादा, ती भिंतीवरची ओळ तुझी आहे ना?" मी म्हटलं, वहिनीनं तुले सांगितलं ना कोणाची आहे ते. म्हणते, "वहिनी दुखणारं नाही लिहिणार. ती आजारी लिहील. दुखणारं आपल्या घरचा शब्द आहे."  वर्षभर तिनं हे पोटात ठेवलं आणि तू खोटं बोलली म्हणून तुझ्याशी एक शब्द वाकडा बोलली नाही.

शोभाताईंचाही फोन आला होता. पुढच्या वर्षाचं काम देऊन राहिल्या. ओळी त्याच हव्या. म्हणाल्या, त्या दुसऱ्या ओळीनंच लोक तपासणीले येतात, आम्ही विचारलं लोकांना. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तू विचारलं त्याचं उत्तर. मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून हिचे पाय दाबतो. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा घरात पाहुणे होते आणि मी आतल्या खोलीत हिचे पाय दाबत होतो. मले दुसऱ्यांदा जमणार नाही, उन्नती. वाईट आलं तर मूल नको. हे मी हिच्या बाजूले बसून लिहून राहिलो आणि ती झोपेत माझं बोट धरून आहे. बोट सोडवून लिहायचं होतं, तेही जमलं नाही. एका हातानं लिहिलं.

तुझ्या मनात दुसरं असलं तर मी तुझ्यासोबत उभा राहीन. पण माझं मत विचारलं, ते हे आहे.

जितेंद्र

*

मुंबई, १९ नोव्हेंबर २०२४

जितेंद्र,

लाल.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, चांगलं समजावलं, मी भागीरथाला समजावलं होतं त्यापेक्षा कितीतरी सावकाश. मग विचारलं, तुम्हाला विचार करायला वेळ हवा का? मी म्हटलं, विचार करूनच आले आहे. ते खरं नव्हतं. मी दोन तास बाहेर बाकावर बसले आणि मग आत जाऊन सही केली. उद्या सकाळी.

तू येऊ नको. रितिकाजवळ थांब. तुझ्यामुळे केलं असं मनात आणू नको, तू लिहिलं नसतंस तरी मी हेच केलं असतं. बाकावर बसले होते तेव्हा मला रितिका चादर चावताना दिसत नव्हती. पाणीपुरीवाल्याशी भांडताना दिसत होती. तरी मी आत गेले.

तिला आपोआप गेलं म्हणून सांग. लोकांची जातात, ती विश्वास ठेवेल. आणि नागपूरला आले तरी मी काही दिवस आईकडेच राहीन. घरी आले की रितिका माझ्याकडे बघेल, ते मला आत्ता नको.

शोभाताईंना काय सांगायचं ते तू ठरव. त्या ओळीत मला चूक काढता येत नाही, आणि ती मला वाचवतही नाही.

उन्नती

*

जरीपटका, ८ डिसेंबर २०२४

वहिनी,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून जुन्या रस्त्यानं लिहून राहिली.

दादानं सांगितलं, आपोआप गेलं. सांगताना तो माझ्याकडे न पाहता पंख्याकडे पाहून राहिला होता. त्याले आयुष्यात खोटं बोलता आलं नाही, जाहिराती कशा करते कोणास ठाऊक. मामाच्या आजारावर तर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता.

दोन दिवस मी कोणाशी बोलली नाही. सगळ्यांना वाटलं, दुखते म्हणून. त्या दोन दिवसांत मले अजिबात दुखत नव्हतं.

मग मी आईले विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती. म्हटलं, आई, माझ्या वेळेस अशी तपासणी असती तर तू काय केलं असतं? तिनं दोन-तीन शेंगा सोलल्या. म्हणाली, "काहून विचारतं वं?" म्हटलं, सांग तर. म्हणाली, "तवा विचारलं असतं तर नको म्हटलं असतं. आता विचारशीन तर तुले कोणाले देणार नाही. तवा तू कोण होती, मले का माहीत होतं?" मग शेंगा तशाच ठेवून उठली आणि चहा मांडला. चहात साखर टाकायले विसरली. मी तसाच पिला.

मले वाटलं होतं, ती माझं मन राखाले खोटं बोलेल. नाही बोलली, ते बरं वाटलं. रडूही आलं.

मी रागावली आहे. तुमच्यावर आहे, दादावर आहे. तुमच्या जागी मी असती तर मीही तेच केलं असतं, हेही मले माहीत आहे. माझ्या पोटच्याले हे दुखणं मी कधीच दिलं नसतं. तरी राग जात नाही. कोणाचं चुकलं असं दाखवता आलं असतं तर भांडून मोकळी झाली असती.

दादानं शोभाताईले नाही म्हटलं. ते काम दुसऱ्या एजन्सीनं घेतलं. मावशीनं फोटो पाठवला, ओळी त्याच आहेत, फक्त निळ्याचा हिरवा रंग केला. मावशीच्या गल्लीतली एक पोट्टी साखरपुड्याच्या आधी तपासणी करून आली म्हणे. भिंत वाचूनच गेली.

तुम्ही माहेरी अजून काहून थांबल्या? आईनं डिंकाचे लाडू केले, बाळंतिणीले करतात तसे. कोणासाठी ते बोलली नाही. डबा भरून तुमच्या खोलीत ठेवला. डिंक थोडा जळला आहे, मी दोन खाल्ले. दादा रोज संध्याकाळी तुमच्या गल्लीपर्यंत येते आणि परत जाते, हे त्यानं मले सांगितलं नाही, तुमच्या आईनं फोनवर सांगितलं.

घरी या. आल्यावर मले काही समजावून सांगू नका आणि माफी तर अजिबात मागू नका. मी काही विचारणार नाही. फक्त एवढं करा, मी खोलीत आली की तुम्ही दोघं बोलता बोलता चूप होऊ नका. सध्या घरात सगळे माझ्यापुढं तसंच करून राहिले. जे बोलत असाल ते बोलत राहा. मले ऐकायचं असलं तर ऐकीन, नाहीतर टीव्ही लावीन.

रितिका